मदत हवी आहे: टपालाने मिळणाऱ्या जुन्या अमेरिकी रिव्हॉल्व्हरांच्या किमतीची त्या काळच्या राहणीखर्चाशी तुलना कशी करावी?

नमस्कार.

एका दिवाळी अंकासाठी मी अमेरिकेतील टपाल-विक्रीच्या व्यापारावर दीर्घ लेख लिहीत असून त्यातील पिस्तुले व रिव्हॉल्व्हर यांच्या भागापाशी अडलो आहे. ज्या देशात शिवणयंत्र, नांगर, खिशातले घड्याळ आणि रिव्हॉल्व्हर एकाच कॅटलॉगमधून मागवता येत असे, तेथे रिव्हॉल्व्हर ‘स्वस्त’ होते असे सर्रास लिहिले जाते. मात्र ते कोणाला आणि कशाच्या मानाने स्वस्त होते, हे सांगताना जो तो आपल्या सोयीची फूटपट्टी काढतो. आर्थिक इतिहासाच्या जाणकारांकडून मला एवढेच समजून घ्यायचे आहे, की पुढील आकड्यांना कोणती फूटपट्टी लावणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

ज्या खरेदीचा पैसा न् पैसा कागदावर आहे, ती दुर्दैवाने एका कुप्रसिद्ध माणसाची आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येचा आरोप असलेल्या ली हार्वे ऑस्वाल्डने १९६३ साली, २७ जानेवारी अशी तारीख घातलेले कूपन भरून, लॉस एंजेलिसच्या सीपोर्ट ट्रेडर्स या पेढीकडून .३८ चे स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर ए. जे. हिडेल या खोट्या नावाने मागवले. छापील किंमत २९.९५ डॉलर होती. त्यांपैकी १० डॉलर रोख आगाऊ द्यायचे होते, उरलेले १९.९५ डॉलर आणि वाहतुकीचे १.२७ डॉलर माल ताब्यात घेताना रेल्वे एक्स्प्रेस कंपनीकडे भरायचे होते, म्हणजे पद्धत आपल्याकडच्या व्ही.पी.पी.चीच. एकूण खर्च ३१.२२ डॉलर झाला. वस्तू नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बनलेल्या ‘व्हिक्टरी’ नमुन्याचे ते रिव्हॉल्व्हर माँट्रियलच्या व्यापाऱ्यामार्फत कॅलिफोर्नियात आले होते, आणि त्याची पाच इंचांची नळी विक्रीपूर्वी सव्वादोन इंचांवर आणलेली होती. पुढे २२ नोव्हेंबरला डॅलसमधील पोलीस अधिकारी जे. डी. टिपिट याच रिव्हॉल्व्हरने मारले गेले.

माझ्या दृष्टीने या उदाहरणाचे मोल वेगळेच आहे. केनेडी यांच्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने आपल्या अहवालाला ऑस्वाल्डच्या जमाखर्चाचे एक स्वतंत्र परिशिष्ट जोडले आहे, त्यामुळे ग्राहकाची मिळकत आणि वस्तूची किंमत शेजारी शेजारी ठेवता येते. त्या हिवाळ्यात तो डॅलसच्या एका छपाईविषयक कंपनीत ताशी १.३५ डॉलरवर काम करत होता आणि मार्चपासून ज्या घरात राहिला त्याचे भाडे महिना ६० डॉलर होते. रिव्हॉल्व्हरसाठी त्याला सुमारे २३ तास काम करावे लागले, किंवा अर्ध्या महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम मोजावी लागली, असे म्हणता येते.

इथपर्यंत सरळ आहे. ही रक्कम आजच्या भाषेत सांगायला गेलो की गोंधळ सुरू होतो. अमेरिकी ग्राहक किंमत निर्देशांक १९६३ साली सरासरी ३०.६ होता आणि २०२४ साली ३१३.७, म्हणजे सव्वादहा पटीने ३१.२२ चे सुमारे ३२० डॉलर होतात. तेच २३ तास आजच्या ७.२५ डॉलर या संघीय किमान वेतनाने मोजले तर जेमतेम १६८ डॉलर भरतात. कारखान्यातील सरासरी कामगार १९६३ साली ताशी अडीच डॉलरच्या थोडे खाली मिळवत होता. त्याचे पावणेतेरा तास आजच्या कारखानी मजुरीने मोजावेत तर आकडा ३५० च्या पुढे जातो. एकाच रिव्हॉल्व्हरच्या या तीन किमती आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत, ही माझी अडचण.

संपादकांचा आग्रह आहे की वाचकांसाठी आकडा रुपयांत द्यावा. तेव्हाच्या ४.७६ रुपये दराने १४९ रुपयांच्या आसपास रक्कम येते, पण तिचा अर्थ काय लावायचा? १९५९ चा शस्त्र कायदा आपल्याकडे ऑक्टोबर १९६२ पासूनच अमलात आलेला होता आणि परवान्याशिवाय रिव्हॉल्व्हर बाळगण्याचा प्रश्नच नव्हता. जी वस्तू इथे त्या रीतीने विकतच मिळत नव्हती, तिची इथल्या पगाराशी तुलना मला शोभेची वाटते.

मागच्या काळाकडे गेले की प्रश्न आणखी अवघड होतो. १८७३ साली अमेरिकी सैन्याने कोल्टचे सिंगल अॅक्शन रिव्हॉल्व्हर नगाला १३ डॉलरने घेतले, आणि साध्या शिपायाचा महिन्याचा पगारही १३ डॉलरच होता. नागरिकांना तेच १७ डॉलरच्या आसपास पडे. महिना तीस डॉलर कमावणाऱ्या गुराख्याला ती अर्ध्याहून अधिक महिन्याची कमाई झाली. दुसऱ्या टोकाला अगदी हलक्या प्रतीची, दोन डॉलरच्या आतली रिव्हॉल्व्हर होती. मधला एक पक्का आकडा १९०१ चा आहे: राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या चोल्गोशने बफेलो शहरात आयव्हर जॉन्सनचे .३२ रिव्हॉल्व्हर ४.५० डॉलरला विकत घेतले. ही खरेदी दुकानातली होती, टपालाची नव्हे, तरी तुलनेला उपयोगी पडते; अकुशल मजुराचा दिवसाचा रोज तेव्हा साधारण दीड डॉलर होता, म्हणजे तीन दिवसांची मजुरी. ऑस्वाल्डचे २३ तासही आठ तासांच्या दिवसाने जवळजवळ तीन दिवसच भरतात. हा योगायोग आहे, की हलक्या रिव्हॉल्व्हरची किंमत मजुराच्या तीन रोजांभोवतीच ठरत होती?

शिवाय कॅटलॉगमधली किंमत ही घरपोच किंमत नव्हे. अमेरिकी टपालाची पार्सल सेवा १ जानेवारी १९१३ रोजी सुरू झाली. तोपर्यंत टपालाने चार पौंडांपर्यंतचाच माल जाई आणि त्याला औंसामागे एक सेंट लागे. पौंडभर वजनाच्या दोन डॉलरच्या रिव्हॉल्व्हरवर सोळा सेंट टपालहशील म्हणजे आठ टक्के वाढ झाली. १९२७ च्या कायद्याने लपवता येण्याजोगी शस्त्रे टपालातून पाठवण्यास बंदी आली, पण खासगी एक्स्प्रेस कंपन्यांना ती लागू नव्हती, म्हणून ती वाहतूक तिकडे वळली. केनेडी यांच्या हत्येत वापरलेली ऑस्वाल्डची रायफल शिकागोच्या क्लाइन्स या पेढीकडून १.५० डॉलर हशिलात टपालाने आली आणि रिव्हॉल्व्हर एक्स्प्रेसने आले, यामागे हेच कारण आहे. दोन्ही पार्सले एकाच दिवशी, २० मार्चला, रवाना झाली होती.

तेव्हा कृपया सांगावे, की १८७३, १९०१ आणि १९६३ हे तीन टप्पे एकाच लेखात मांडताना निर्देशांक वापरावा, मजुरीचे तास वापरावेत की रोजच्या जिनसांचे भाव. आणि वाहतूक खर्च किमतीत धरावा की वेगळा दाखवावा.

— जुनाबाजार


प्रतिसाद १ — खतावणी

आपला प्रश्न चांगला मांडलेला आहे. ग्राहक किंमत निर्देशांकाची अधिकृत मालिका १९१३ पासून आहे. त्याआधीचे जे आकडे मिळतात ते नंतर मागे जाऊन बांधलेले अंदाज आहेत. त्यामुळे १८७३ आणि १९०१ साठी निर्देशांक वापरून ‘आजचे अमुक डॉलर’ असे लिहिणे मी टाळेन. मजुरीचे दिवस हीच फूटपट्टी तिन्ही टप्प्यांना पेलते.

जिनसांच्या भावांबाबत मात्र सावध राहावे, कारण ते वाचायला रंजक आणि निष्कर्षाला घातक असतात. अंड्यांचेच पाहा. १९१३ साली डझनाला सुमारे ३४ सेंट पडत आणि कारखान्यातील मजुरी ताशी वीस-बावीस सेंट होती, म्हणजे डझनभर अंड्यांसाठी दीड तास काम. १९६३ साली अंडी ५५ सेंटांच्या आसपास आणि मजुरी अडीच डॉलर, म्हणजे तेरा-चौदा मिनिटे. आता ४.५० डॉलरचे रिव्हॉल्व्हर १९१३ च्या भावाने तेरा डझन अंड्यांचे होते आणि ३१.२२ डॉलरचे १९६३ मध्ये जवळपास सत्तावन्न डझनांचे. अंड्यांत मोजले तर शस्त्र चौपटीहून महाग झालेले दिसते, जेव्हा की स्वस्त झाली ती अंडी. असे कोष्टक दिवाळी अंकात छान दिसेल, पण देऊ नये.

मजुरीच्या दिवसांतही एक खोच आहे. १९०१ चा रोज दहा तासांचा होता, म्हणून आपले ‘तीन दिवस’ एकीकडे तीस तास आणि दुसरीकडे तेवीस तास आहेत. दिवस लिहिताना तासही लिहावेत.

आणखी एक सुचवतो. तासांवरून केवळ कमाई कळते, हातात उरलेले कळत नाही, आणि असली खरेदी उरलेल्यातूनच होते. ऑस्वाल्डला रशियातून परतण्यासाठी परराष्ट्र खात्याने ४३५.७१ डॉलर कर्जाऊ दिले होते आणि ते त्याने जानेवारी १९६३ अखेरीस फेडून संपवले. कूपनावरील तारीख त्याच दिवसांतली आहे. किमान वेतनाच्या जवळपास कमावणारा माणूस कर्जाचे हप्ते संपताच लगेच रिव्हॉल्व्हर मागवतो, ही नोंद कोणत्याही गुणोत्तरापेक्षा आपल्या लेखाला जास्त उपयोगाची आहे.


प्रतिसाद २ — तळटीप

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. फक्त वस्तूच्या प्रतीबद्दल लिहितो. १८७३ चे कोल्ट नवे आणि त्या काळातले उत्तम शस्त्र होते, १९०१ चे आयव्हर जॉन्सन नवे पण मध्यम प्रतीचे, आणि १९६३ चे स्मिथ अँड वेसन चांगल्या कारखान्याचे पण वापरलेले व कापलेले. त्या वर्षी नामांकित कंपनीचे नवे रिव्हॉल्व्हर घ्यायला याच्या दुपटीहून अधिक पैसे पडत. म्हणून तिन्ही किमती एका रेषेत जोडून ‘शस्त्र स्वस्त होत गेले’ असा आलेख काढू नये. १७ डॉलरचे कोल्ट आणि १९६३ चे नवे रिव्हॉल्व्हर ही एक जोडी, ४.५० आणि २९.९५ ही दुसरी, असे दोन वेगळे परिच्छेद करावेत.

महायुद्धानंतर विक्रीला निघालेल्या जुन्या लष्करी शस्त्रांमुळेच हा दुसरा, स्वस्त बाजार फुगला. सिनेटर थॉमस डॉड यांच्या उपसमितीने टपालाने होणाऱ्या शस्त्रविक्रीची चौकशी केली आणि त्यांनी त्यावर विधेयकही ऑगस्ट १९६३ मध्येच, म्हणजे केनेडी यांच्या हत्येपूर्वी, मांडले. ते कनेक्टिकटचे सिनेटर होते, म्हणजे कोल्टसारख्या ज्या कारखान्यांना ही आयात नकोशी होती त्यांच्याच राज्याचे, हेही ध्यानात ठेवावे. १९६८ च्या कायद्याने सामान्य ग्राहकाला परराज्यातून टपालाने शस्त्र मागवणे बंद झाले आणि आयातीवरही कडक अटी आल्या. आपली मालिका तेथेच थांबते, त्यामुळे ती ओढूनताणून आजच्या डॉलरपर्यंत आणण्याचीही गरज नाही.


जुनाबाजार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मजुरीचे दिवस व तास मुख्य ठेवतो, घरभाडे आणि कर्जफेड फक्त १९६३ पुरती देतो, आजच्या डॉलरचा आकडा एका वाक्यात आणि तोही एकदाच येईल. अंडी गाळली. नव्या आणि वापरलेल्या शस्त्रांचे दोन परिच्छेद करण्याची सूचना मोलाची आहे. रुपयांबद्दल संपादकांची समजूत मी काढतो.

वाहतूक खर्च किमतीतच धरायचा असे आता ठरवले आहे, कारण ग्राहकाच्या खिशातून तो जातोच. त्यासाठी एक विनंती: सीअर्स या टपाल-विक्रीच्या मोठ्या अमेरिकी कंपनीच्या १९०२ किंवा १९०८ च्या कॅटलॉगचे पुनर्मुद्रण कोणाच्या संग्रहात असल्यास रिव्हॉल्व्हरांच्या पानांची छायाचित्रे व्यक्तिगत निरोपातून पाठवावीत. किमतीइतकेच मला प्रत्येक नमुन्याचे छापलेले वजन हवे आहे, म्हणजे औंसामागे सेंट या हिशेबाने टपालहशील काढता येईल.