मदत हवी आहे : बाबांसाठी कॅमेरा, सगळे सारखेच दिसतायत

नमस्कार मंडळी,

ऐरोलीत राहते. बाबा रिटायर झाल्यापासून हिवाळा लागला की आमच्या फ्रिजवर भरती-ओहोटीच्या वेळा चिकटतात. फ्लेमिंगो! कधी नेरुळच्या टी. एस. चाणक्य कॉलेजमागची पाणथळ, कधी ऐरोलीची खाडी. मोबाइलवर काढलेल्या त्यांच्या फोटोंत चिखल झकास येतो, वर नुसते गुलाबी ठिपके. म्हणून मी आणि भावाने कॅमेरा द्यायचं ठरवलं. बजेट लेन्ससकट दीड लाख.

इथवर सोपं होतं. कॅननमध्ये आर१००, आर५०, आर१०. पहिला २४.१ मेगापिक्सेल, बाकी दोन्ही २४.२. आकडा जितका लहान तितका कॅमेरा वरचा म्हणे. निकॉनमध्ये झेड३० पेक्षा झेड५० वरचा, म्हणजे उलटा हिशोब. त्यात झेड एफसी आणि झेड५० टू धरले तर चौघांचेही मेगापिक्सेल तेच, २०.९. मग फरक कसला विकतात हे लोक? बरं, यूट्यूबवर बघावं तर नावंही जुळत नाहीत. कॅननचा आपल्याकडचा १५००डी युरोपात २०००डी आणि अमेरिकेत रेबेल टी७, हे कळायला माझा एक रविवार गेला.

ठाण्यात स्टेशनजवळच्या एका दुकानात बाबांना घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलाने चार बॉड्या (लेन्सशिवायचे नुसते कॅमेरे) ओळीने मांडल्या आणि प्रत्येकीला ‘हाच बेस्ट आहे काका’ म्हणाला. बाबांनी आर५० उचलला, डोळ्याला लावला, आणि त्यांचा अंगठा मागच्या बाजूला दुसरी डायल शोधत राहिला. ती नाहीच. आर१० ला आहे. पण जीव जडलाय झेड एफसीवर, कारण वरच्या डायल थेट त्यांच्या जुन्या रोलवाल्या निकॉन एफएम१० सारख्या. दुकानातून निघेपर्यंत दोनदा परत हातात घेतला.

तर प्रश्न असा, की उडत्या पक्ष्यासाठी या सगळ्यांत खरंच काही फरक आहे का? की घ्यावा आपला बाबांना आवडलेला?

प्रतिसाद १ :
ताई, मेगापिक्सेलकडे बघूच नका, प्रोसेसर बघा. झेड५० (२०१९) आणि झेड एफसी (२०२१) यांचा प्राणी ओळखणारा फोकस कुत्र्या-मांजरांपुरता आहे. २०२४ च्या झेड५० टू मध्ये प्रोसेसर नवा, एक्स्पीड ७, त्यामुळे तो पक्षी ओळखतो. आर१०० ला फक्त माणसांचे डोळे कळतात, तो सोडाच. आर५० आणि आर१० दोघांना पक्षी कळतात, पण आर५० ला पूर्ण यांत्रिक शटर (प्रत्यक्ष उघडणारा-मिटणारा पडदा) नाही. आर१० यांत्रिक शटरवर सेकंदाला १५ फोटो काढतो, पंख उघडायच्या क्षणाला तेच कामी येतं.

आणि खरा खर्च लेन्सचा. कॅननची आरएफ १००-४०० मिमी फक्त ६३५ ग्रॅमची, आणि आर१० चा सेन्सर लहान असल्याने त्यावर ६४० मिमीसारखी चालते, म्हणजे पक्षी आणखी जवळ दिसतो. निकॉनची हलकी, परवडणारी झूम २५० लाच संपते, लांब पल्ल्याची १८०-६०० सुमारे दोन किलोची. यातल्या एकाही बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) नाही, तेव्हा ते लेन्समध्ये असायलाच हवं. झेड एफसीला पुढे पकडायला उंचवटा नाही, लांब लेन्स लावली की हात दुखतो. माझा दुखला, विकला.

धागाकर्ती :
मनापासून आभार! बाबांना वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘म्हणजे तो मांजरं ओळखतो? बिल्डिंगखाली आहेत की भरपूर.’ शनिवारी आर१० वर १००-४०० लावून बघायला जातोय. एक शंका उरली. ती लेन्स ४०० ला एफ/८ आहे, म्हणजे उजेड कमीच आत घेणार. सकाळी सातच्या आधी, खाडीवर धुरकं असताना, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) कितीपर्यंत चढवावा लागतो? कुणी वापरत असेल तर त्या वेळचा एखादा फोटो टाका ना, न सुधारलेला.