मराठी टंकलेखन मिंटवर अडत नाही

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, म्हणून चालता लॅपटॉप भंगारात काढू नका, मिंट (लिनक्सवर आधारलेली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, असा सल्ला दिला जातो, तो मला पटतो. पण लिनक्सवर मराठी लिहिता येत नाही, असंही काही जण म्हणतात, ते मात्र चूक आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारताच्या यादीत मराठीचा इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड) आणि उच्चारानुसारी कगप (इंग्रजी अक्षराच्या उच्चारावरून मराठी अक्षर), दोन्ही आधीपासूनच असतात. वेगळं काही उतरवून घ्यावं लागत नाही.

अडतं ते जुन्या फाइलींपाशी. आमच्या काकांकडे सोसायटीच्या सभांची इतिवृत्तं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या जुन्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरमध्ये, आहेत. फाँट टाकला की ती मिंटवर नीट दिसतात, पण त्यात भर घालायची तर ते विंडोजचंच सॉफ्टवेअर लागतं. हिशेबाच्या टॅलीलाही विंडोजच लागतं. त्यामुळे घरात असं काही असेल तर विंडोज पुसू नका, एकाच लॅपटॉपवर दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. आणि त्याआधी पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून प्रिंटर, वायफाय आणि असलं तर डिजिटल सहीचं टोकन जोडून बघा. हार्ड डिस्कला हातही लागत नाही. पेनड्राइव्हवर जरा संथ चालतं, तेवढं सोसा.