मदत हवी आहे: जॅझमधला ड्रम सोलो ऐकायचा कसा?
रॉकमधला ड्रम सोलो मला लगेच भिडतो. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बॉनम काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनी वाजवायचा, ते ऐकताना आजही अंगावर काटा येतो. जॅझमध्ये मात्र माझी सम चुकते. डेव्ह ब्रूबेक क्वार्टेटच्या 1959 च्या 'टेक फाइव्ह' या रचनेतला ड्रमर जो मोरेलोचा सोलो जमतो, कारण पियानो पाच मात्रांचा तोच ठेका धरून असतो. बोट धरून चालल्यासारखं वाटतं. पण जॅझ ड्रमर मॅक्स रोच एकटा सुटला की दहा सेकंदांत मी हरवलोच! मूळ धून मनात चालू ठेवायची असते म्हणे. तुम्ही ती गुणगुणता, की हाय-हॅटचे (पायाने वाजणाऱ्या झांजांच्या जोडीचे) ठोके मोजता? धुनेचं बत्तीस बारचं (मात्रांच्या बत्तीस गटांचं) आवर्तन संपलं हे कानाला कळतं कसं? (एका मित्राच्या मते हा सगळा नुसता धिंगाणा आहे. त्यालाही ऐकवायचंय.) सुरुवात कोणापासून करू?