शब्दचर्चा: 'सुरक्षा' की 'सुरक्षितता'? विद्यापीठाच्या परिपत्रकासाठी शब्द हवेत

आवकजावक

नमस्कार मंडळी. मी एका विद्यापीठाच्या आस्थापना विभागात आहे. कुलसचिवांच्या सहीने एक परिपत्रक काढायचं आहे. ज्या विभागांत, प्रयोगशाळांत, कार्यशाळांत, वसतिगृहांत काम जपून आणि नीट केलं जातं, त्यांचा ४ मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, कौतुकाचा कार्यक्रम ठेवायचा. कल्पना चांगली आहे. पण मूळ मसुदा इंग्रजीत आला आणि कुणीतरी त्याचं मराठी मथळ्यासकट करून दिलं: 'कार्यस्थळ सुरक्षा आणि आरोग्याच्या चांगल्या प्रथांची ओळख'. इंग्रजीतल्या 'रेकग्निशन'ची झालेली ही ओळख कुणाची कुणाशी करून द्यायची आहे, ते देव जाणे.

मागच्या खेपेला 'उत्कृष्ट सुरक्षा पुरस्कार' असं नाव होतं. आलेले बहुतेक प्रस्ताव सीसीटीव्ही, गेटवरची नोंदवही आणि रात्रपाळीचे रखवालदार यांचे. रसायनशास्त्र विभागाने काही पाठवलंच नाही. विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं हे सिक्युरिटीवाल्यांसाठी आहे.

तर 'सुरक्षा'ला पर्याय हवा, 'ओळख'च्या जागी काहीतरी हवं, 'प्रथा' मला खटकते आहे, आणि इंग्रजी मसुद्यात 'नियर मिस' असा एक शब्द वारंवार येतो, त्याला मराठीत काय म्हणावं?

जुनी_बखर

तुमच्या रसायनशास्त्रवाल्यांचं काही चुकलेलं नाही. इंग्रजीतल्या सेफ्टी आणि सिक्युरिटी या दोन्ही शब्दांना आपण सर्रास 'सुरक्षा' म्हणतो. त्याची गंमत अशी की 'राष्ट्रीय सुरक्षा परिषद' नावाच्या दोन संस्था या देशात आहेत. एक १९६६ साली ४ मार्चला स्थापन झाली, तिचं मुख्यालय नवी मुंबईत, आणि तिच्याच स्थापनेवरून तुमचा तो दिन आला. ती कारखान्यातले अपघात टाळण्याचं काम करते. दुसरी १९९८ची, पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालची, सीमा आणि अण्वस्त्रांचा विचार करणारी. नावावरून कुठली कुठली ते ओळखून दाखवा.

माझा कौल 'सुरक्षितता'ला. सुरक्षा ही कुणीतरी कुणाची तरी करायची असते: राखण, पहारा, बंदोबस्त. सुरक्षितता ही जागेची किंवा कामाची अवस्था, ती असते किंवा नसते. आपण 'सुरक्षित पोचलो' म्हणतो तेव्हा बरोबर पोलीस होते असं कुणी समजत नाही.

अर्थात 'सुरक्षा' चूक आहे असं नाही. कारखाने तपासणारं राज्याचं खातंच 'औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय' आहे. पण तिथे 'औद्योगिक' हा शब्द आधी येऊन अर्थ बांधून टाकतो. विद्यापीठात तसा आधार नाही. विद्यापीठात 'सुरक्षा विभाग' म्हणजे खाकी गणवेश आणि शिट्टी.

ब्युरेट

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून बोलते. प्रयोगशाळेत यातलं काहीच कुणी म्हणत नाही. 'सेफ्टी' म्हणतात. "सेफ्टीचं बघा जरा", "सेफ्टी गॉगल कुठंय?" परिपत्रकात सेफ्टी चालणार नाही हे मान्य, पण निदान पहिल्या परिच्छेदात उदाहरणं तरी द्या: सिलिंडर साखळीने बांधलेले, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, डोळे धुण्याचा फवारा आठवड्यातून एकदा सोडून पाहणं. मग कुणीही सीसीटीव्हीचा प्रस्ताव पाठवणार नाही.

'नियर मिस'बद्दल. समजा मुलगा ईथर ओततोय आणि शेजारच्या टेबलावर बर्नर चालू आहे. ईथरची वाफ हवेपेक्षा जड, ती टेबलावरून सरपटत ज्योतीपर्यंत जाते. कुणीतरी वेळेवर ओरडतं, बर्नर बंद होतो, काहीच घडत नाही. यावर आपण म्हणतो "थोडक्यात निभावलं" किंवा "वाचलो रे". क्रियापदं आहेत, नाम नाही. आणि नोंदवहीच्या रकान्याला नाम लागतं. नाव नसलेल्या गोष्टीची नोंद कोण करणार? दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

मिठाचा_खडा

'हुकलेला अपघात' कसं वाटतं?

जुनी_बखर

वाईट वाटतं. बस हुकते, संधी हुकते, नेम हुकतो. म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. अपघात हुकला म्हणजे अरेरे, पुढच्या वेळी जमवू.

'टळलेला अपघात' घ्या. संकट टळतं, गंडांतर टळतं, साडेसाती टळते. 'टळणे'मध्ये सुटकेचा निःश्वास आधीच आहे. आणि 'दुर्घटना' नको. हिंदीत पायाला ठेच लागली तरी दुर्घटना होते. मराठीत भोपाळची वायुदुर्घटना असते, बोट बुडते ती दुर्घटना असते. चंचुपात्र फुटून हात कापला तर तो अपघात. 'टळलेली दुर्घटना' असं लिहिलंत तर मुलं घाबरून एकही नोंद करणार नाहीत.

लीड्सकर

ब्रिटनमधल्या विद्यापीठात तंत्रज्ञ आहे. इथे 'हेल्थ अँड सेफ्टी' हा जोडशब्द इतका रुळला आहे की लोक वैतागून शिवीसारखाही वापरतात. कायदा १९७४चा, आणि तो कारखान्यापुरता नाही. जिथे कुणी नोकरीवर आहे ती जवळजवळ प्रत्येक जागा त्यात येते, विद्यापीठही.

'टळलेला अपघात' आवडला. शब्दापलीकडचं एक सांगतो, कारण तुमच्या परिपत्रकाच्या निकषात ते येईल. 'वर्षभरात एकही अपघात नाही' याला बक्षीस देऊ नका. दिलंत की अपघात थांबत नाहीत, नोंदी थांबतात. भाजलेला हात खिशात जातो. आमच्या विभागात टळलेल्या अपघातांच्या नोंदी जास्त करणाऱ्यांना शाबासकी मिळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते उलटंच वाटलं होतं.

ब्युरेट

+१. आमच्याकडे 'शून्य अपघात' असा मोठा फलक आहे आणि प्रथमोपचार पेटीतलं बर्नोल दर महिन्याला संपतं.

काका_परिचर

मी प्रयोगशाळा परिचर म्हणून निवृत्त झालो. ही चर्चा नातीने वाचून दाखवली, तिच्याकडूनच टंकून घेतोय.

आमच्या वेळी सुरक्षा-सुरक्षितता काही नव्हतं. आम्ही 'सांभाळून' म्हणायचो. काचेची भांडी धुवायला क्रोमिक ॲसिड वापरायचे. डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिडचं मिश्रण, नारिंगी-तांबडं, मोठ्या बरणीत. हात घातला की कातडी पिवळी पडून सोलायची. हातमोजे मागितले तर साहेब म्हणायचे चिमटा वापर. मग एक मॅडम आल्या. त्यांनी ती बरणीच बंद केली. साबणाचं कोमट पाणी आणि ब्रश, फारच चिकट असेल तर रात्रभर भिजत ठेवायचं. काम थोडं वाढलं, पण हात वाचले. त्याला तुम्ही काय शब्द द्याल ते द्या. त्या मॅडमना कुणी कागद दिला नाही.

आणखी एक. परिपत्रकात 'कर्मचारी' लिहाल तर कंत्राटी माणसं सुटतील. वसतिगृहाची मैल्याची टाकी उघडायला बोलावतात ती माणसं कर्मचारी नसतात. त्यांना आत उतरू न देता गाडी बोलावून टाकी उपसणारा जो कुणी रेक्टर असेल, त्याला पहिला नंबर द्या.

जुनी_बखर

काका, नमस्कार. तुमच्या मॅडमनी जे केलं ते या विषयातल्या उतरंडीत अगदी वरच्या पायऱ्यांवरचं. धोका मुळातूनच काढून टाका. ते जमत नसेल तर सौम्य वस्तू वापरा, नाहीतर यंत्राची सोय करा, मग नियम, आणि हातमोजे-गॉगल सगळ्यात शेवटी. आपल्याकडे सुरुवातच हातमोज्यांपासून होते, तीही मागितल्यावर.

यावरून 'धोका' आणि 'जोखीम' यांचंही बोलून घेऊ. मसुद्यात दोन्ही येतील आणि अनुवादक त्यांची अदलाबदल करेल. कपाटातली सल्फ्युरिक ॲसिडची बाटली हा धोका. ती डोक्याच्या वरच्या फळीवर ठेवून स्टुलावर चढून काढणं ही जोखीम. धोका वस्तूत असतो, जोखीम माणूस 'घेतो' किंवा 'पत्करतो'. क्रियापद बघितलं की फरक कळतो. जोखीम शब्दाला सांभाळायला दिलेल्या मौल्यवान वस्तूचाही अर्थ आहे: "अंगावर जोखीम आहे, एकटी जाऊ नकोस" असं दागिने घातलेल्या सुनेला सांगायचे.

निर्लेखित

माझं सदस्यनाम ज्यावरून घेतलंय तो शब्दही परिपत्रकात येऊ द्या: 'निर्लेखन'. जुनं उपकरण डेड स्टॉक रजिस्टरातून कमी करून भंगारात काढणं. २०१० साली दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं बंद पडलेलं गॅमा किरणांचं उपकरण लिलावात गेलं. आत कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडलं गेलं, एक माणूस मेला, बाकीच्यांना किरणोत्साराने आजारी पाडलं. कागदोपत्री निर्लेखन झालेलंच होतं. म्हणून म्हणतो, ज्या विभागाने निर्लेखनाआधी 'आत काय आहे' हे तपासायची सवय लावली, त्यालाही या यादीत जागा द्या. सुरक्षिततेचं काम भंगारवाल्याच्या टेम्पोपर्यंत जातं.

मिठाचा_खडा

'प्रथा'चं कुणी बोललंच नाही. सतीप्रथा, हुंडाप्रथा, बालविवाहाची प्रथा. मराठीत प्रथा बंद करतात, गौरवत नाहीत.

आवकजावक

हेच खटकत होतं! पण वरचे म्हणतात नॅकच्या (विद्यापीठ-महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) सातव्या निकषात 'बेस्ट प्रॅक्टिसेस' आहे, त्याला सगळे 'उत्तम प्रथा' लिहितात, तोच शब्द ठेवा म्हणजे अहवालात जोडता येईल.

ब्युरेट

मग कळलं हे परिपत्रक का निघतंय. 😀

जुनी_बखर

'वहिवाट' जमिनीच्या दाव्यात अडकली आहे. 'पायंडा' बहुधा चुकीचाच पडतो. 'रीत' छान आहे पण कुलसचिव सही करणार नाहीत. 'कार्यपद्धती' साधा, कुणाला न टोचणारा. 'चांगल्या कार्यपद्धती' लिहा. नॅकच्या अहवालात काय लिहायचं ते नॅकच्या फाइलवाले बघतील.

'ओळख' तर काढाच. पण 'दखल'ही नको. सरकारी कागदावर 'याची गंभीर दखल घेण्यात आली आहे' असं आलं की पुढे कारणे दाखवा नोटीस असते. आणि 'मान्यता' लिहिलंत तर महाविद्यालयं संलग्नीकरणाचे कागद घेऊन येतील. 'गौरव'.

ब्युरेट

'कार्यस्थळ' बदलून 'कामाच्या ठिकाणी' करायचा मोह होईल, तिथे एक खाच आहे. २०१३चा लैंगिक छळ प्रतिबंधाचा कायदा याच दोन शब्दांनी ओळखला जातो. 'कामाच्या ठिकाणची सुरक्षितता' वाचून अर्धे लोक अंतर्गत तक्रार समितीचा विषय समजतील. तोही महत्त्वाचा आहे, पण हा वेगळा. 'काम करताना' असं क्रियापद आणलं की सुटतं.

आणि 'व्यावसायिक आरोग्य' कृपया नको. व्यावसायिक म्हटलं की हॉटेलातला १९ किलोचा सिलिंडर डोळ्यांपुढे येतो, नाहीतर एमबीए. हिंदीवाल्यांनी २०२०च्या कामगार संहितेत 'उपजीविकाजन्य' असा शब्द वापरलाय. दणकट आहे, पण मराठी तोंडात बसत नाही. प्राणिशास्त्रवाले फॉर्मॅलिनच्या वासात दिवस काढतात, ग्रंथालयातली माणसं बुरशीच्या धुळीने खोकतात, कारकून मान धरून बसतात. 'कामामुळे होणारे आजार' म्हटलं की या सगळ्यांना कळतं की आपल्याबद्दल चाललंय.

आवकजावक

सगळ्यांचे आभार. मथळा असा केला आहे: 'काम करताना सुरक्षितता व आरोग्य जपणाऱ्या चांगल्या कार्यपद्धतींचा गौरव'. खाली: 'विभागातील शिक्षक, शिक्षकेतर, विद्यार्थी तसेच कंत्राटी व्यक्तींची नावे प्रस्तावात लिहावीत. टळलेल्या अपघातांच्या नोंदींची प्रत जोडावी. नोंदी अधिक असणे ही उणीव मानली जाणार नाही.' शेवटचं वाक्य उपकुलसचिव काढतील असं वाटत होतं, पण राहिलं. त्यांचा मुलगा बीएस्सीला आहे.

काका, त्या मॅडम अजून सेवेत असतील तर मला खाजगीत कळवा.

काका_परिचर

निवृत्त झाल्या. पण सेवानिवृत्तांचीही नावं घेता का? घेत असाल तर कळवतो.

मिठाचा_खडा

जाता जाता: सोबत द्यायच्या कागदावर 'प्रशस्तीपत्रक' छापू नका. 'प्रशस्तिपत्र'. स्ति ऱ्हस्व. पत्रक निवडणुकीत वाटतात.

आवकजावक

छापून आले आहेत. दीर्घ.