मदत हवी आहे : स्वतःच्या सायकली घेऊन पासाऊ ते व्हिएन्ना

नदीकाठ
सप्टेंबरमध्ये मी आणि पत्नी डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊ ते ऑस्ट्रियातील व्हिएन्ना असा सुमारे सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास पुण्याहून स्वतःच्या सायकली नेऊन करणार आहोत. सायकल विमानात देण्यापूर्वी नेमके काय काय सोडवायचे असते, हे कोणी नीट सांगत नाही. कृपया लवकर कळवावे.

घाटरस्ता
कोठे उतरणार आणि कोठून परतणार? ब्रेक केबलचे आहेत की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

दोनचाकी
सायकली नेऊच नका. त्या वाटेवर पासाऊला भाड्याने घेऊन व्हिएन्नात परत करण्याची सोय आहे.

नदीकाठ
भाड्याबद्दल मी विचारलेलेच नाही. पत्नीची उंची चार फूट अकरा इंच आहे. तिच्या मापाची फ्रेम शोधायला आठ महिने लागले आणि त्याच सायकलवर तिचे गुडघे दिवसभर साथ देतात. जाणे-येणे व्हिएन्नाहूनच आहे. ब्रेक हायड्रॉलिक डिस्क.

पूर्वतयारी
शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, हे विसरू नका.

नदीकाठ
व्हिसा हातात आहे.

घाटरस्ता
मग व्हिएन्नात पहिली आणि शेवटची रात्र एकाच हॉटेलात ठेवा, सायकली ज्यांत भरून न्याल ती रिकामी खोकी तेथे ठेवू देतील का हे आधी लिहून विचारा आणि रेल्वेने पासाऊ गाठा. सायकलचे तिकीट वेगळे असते आणि लांब पल्ल्याच्या गाडीत तिची जागा आरक्षित करावी लागते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले तरच सुटते. चाके काढल्यावर ब्रेक पॅडच्या फटीत जाड पुठ्ठा घट्ट बसवा, कारण त्या अवस्थेत चुकून लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात.

दोनचाकी
पुठ्ठ्याचे खोके अजिबात नको. माझा मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) त्यातच वाकला. कडक पेटीच घ्या.

घाटरस्ता
रिकामी कडक पेटीच दहा-बारा किलो भरते. वजनाची मर्यादा 23 किलो असेल तर सायकलला उरले काय? डिरेलर सोडवून, फडक्यात गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला बांधला की तो वाकत नाही. परतताना नवी सायकल आणली असे कोणी म्हणू नये म्हणून जाताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यासाठी फ्रेमचा क्रमांक लागेल.

नदीकाठ
तो कोठे असतो?

घाटरस्ता
सायकल उलटी करा. बहुतेक सायकलींवर तो दोन्ही पेडलांचे दांडे जोडणाऱ्या मधल्या आसाखाली, फ्रेमवर कोरलेला असतो. खोके बंद करण्यापूर्वी त्याचा फोटो काढा.