रेल्वेच्या डायनिंग कारमधलं जेवण: तुमचे अनुभव लिहा

चालत्या गाडीत टेबलाशी बसून, चिनीमातीच्या प्लेटमध्ये गरम जेवण, हे सुख बऱ्याच देशांत संपत चाललंय. गाड्या फास्ट झाल्या, आणि त्या डब्यात सीट टाकल्या की तिकिटं जास्त विकली जातात. ज्यांनी असं जेवण घेतलंय त्यांनी प्लीज लिहा, कुठली गाडी, काय खाल्लं.

*

प्राग ते ड्रेस्डेन, चेक रेल्वेची गाडी. आम्ही मुद्दाम आपल्या सीट सोडून डायनिंग कारमध्येच बसलो. नळाची बिअर मिळते, आणि स्विच्कोवा म्हणजे क्रीमच्या रश्श्यातलं बीफ, सोबत पावासारखे मऊ क्नेडलिकी... बाहेर एल्बे नदी आणि उंच दगडी कडे, वळण आलं की ग्लासातली बिअर एका बाजूला कलायची पण वेटर हातात प्लेटा घेऊन सरळ चालत यायचा. दोन तास कसे गेले कळलंच नाही.

*

+१. पोलंडमध्येही डब्यातच शिजवतात, ऑर्डर दिली की आतून मांस कुटल्याचा ठकठक आवाज येतो. भूक दुप्पट होते!

*

बाबा १९८८ मध्ये जपानला गेले होते तेव्हा शिंकान्सेनच्या, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनच्या, डबलडेकर डब्यात वरच्या मजल्यावर जेवले होते. मी गेले तोवर काहीच उरलं नव्हतं. शिंकान्सेनच्या डायनिंग कार २००० मध्येच बंद झाल्या, टोकियो-ओसाका मार्गावरची खाण्याची ट्रॉलीसुद्धा ऑक्टोबर २०२३ अखेर थांबली. अडीच तासांत ओसाका येतं, म्हणून लोक स्टेशनवरूनच एकिबेन, म्हणजे तिथे विकत मिळणारा जेवणाचा डबा, घेऊन चढतात. चवीला उत्तमच, पण शेजाऱ्याशी बोलणं होत नाही.

*

ते बोलणं मला अमेरिकेत मिळालं. शिकागोहून सुटणारी कॅलिफोर्निया झेफिर, स्लीपरच्या तिकिटातच जेवण. चौघांचं टेबल, दोघंच असाल तर समोर अनोळखी माणसं बसवतात. आमच्यासमोर एक आजोबा होते, बायकोबरोबर याच रुळांवरून केलेला प्रवास सांगत होते, आइस्क्रीम वितळलं तरी आम्ही उठलो नाही. कोविडच्या काळात तिथे तयार जेवण गरम करून द्यायचे, २०२१ च्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांत ताजं शिजवणं परत सुरू झालं. फार बरं वाटलं.

*

डेक्कन क्वीन कशी विसरलात! १९३० ची गाडी, २०२२ मध्ये नवे एलएचबी (आधुनिक बनावटीचे) डबे लागले तेव्हा डायनिंग कार जाते की काय अशी धाकधूक होती, पण तीही नवी आली. मुलीला मुद्दाम नेलं, चीज टोस्ट येईपर्यंत ती खिडकीला नाक लावून बसली होती.