मदत हवी आहे : ‘टिंकर टेलर’ अर्ध्यावर सोडला आहे, पुढे पाहावा का?

अर्धविराम :
‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’, म्हणजे ब्रिटिश गुप्तचर सेवेतला सोव्हिएत फितूर शोधण्याची गोष्ट, पाहायला घेतला आणि तासाभराने बंद केला. राजकीय थरारपट संथ असायला माझी हरकत नाही. परंतु येथे कोणता प्रसंग चालू काळातला आणि कोणता जुना, हेच उमजत नाही. ज्याला गोळी लागून कोसळताना पाहिले, तोच माणूस काही वेळाने शाळेत मुलांना शिकवताना दिसतो. ही त्याची पूर्वीची नोकरी समजायची की तो वाचला आहे? रविवारी आमच्या मंडळात मला यावर बोलायचे आहे, तेव्हा कृपया लवकर आणि नेमके सांगावे. फितूर कोण आहे, हे मात्र कुणीही सांगू नये.

जुना_वाचक :
आपण नेमके काय पाहत आहात? बीबीसीची 1979 ची सात भागांची मालिका, ज्यात अ‍ॅलेक गिनेस यांनी फितुराचा शोध घेणारा स्मायली साकारला, की टोमास आल्फ्रेडसन यांचा 2011 चा चित्रपट? कोणत्या प्रसंगापाशी थांबलात, हेही आपण लिहिलेले नाही. उत्तर काहीही असले तरी माझा सल्ला एकच आहे : आधी जॉन ल कारे यांची 1974 ची मूळ कादंबरी वाचावी, म्हणजे हे प्रश्न उरणार नाहीत.

अर्धविराम :
चित्रपटच, त्यात गॅरी ओल्डमन आहेत. स्मायली सोव्हिएत हेरप्रमुख कार्लाच्या भेटीची हकिगत सांगू लागला, तेथे थांबलो. कादंबरी रविवारपर्यंत वाचून होणार नाही.

तिसरी_रांग :
स्मायलीच्या चष्म्यावर लक्ष ठेवा. नोकरीतून बाहेर काढल्यानंतर, श्रेयनामावली चालू असतानाच, तो नवा चष्मा घेतो. त्यामुळे मोठ्या, गडद चौकटीचा चष्मा दिसला की प्रसंग तपासाच्या काळातला आणि जुना चष्मा दिसला की त्याआधीचा, असे खुशाल धरून चालावे. नाताळच्या मेजवानीचा प्रसंग, ज्यात लेनिनचा मुखवटा घातलेला सांताक्लॉज येतो आणि सगळे कार्यालय सोव्हिएत राष्ट्रगीत गाते, तो जुना आहे आणि तुकड्यातुकड्यांनी परत येत राहतो. त्यात कोण कुणाकडे पाहते आहे, एवढेच पाहत जावे. आपण ज्याला गोळी लागताना पाहिले, तो जिम प्रिडो बुडापेस्टमध्ये मरत नाही. शाळा गोळीबारानंतरची आहे. हा रहस्यभेद नव्हे, कारण तो वाचला हे चित्रपट लपवत नाही. तो परत कसा आला, हा खरा प्रश्न आहे.

निखारा :
चष्म्यावरून काळ ओळखावा लागत असेल, तर दोष दिग्दर्शकाचा आहे. कोस्ता-गाव्रास यांचा 1969 चा ‘झी’ पाहावा. त्यात खासदाराच्या हत्येचा तपास करणारा दंडाधिकारी एकेका साक्षीदाराला बोलावत जातो, चित्रपट क्षणभरही थांबत नाही आणि त्याच्या संकलनाला ऑस्करही मिळाले आहे. राजकारण दाखवायचे म्हणजे प्रेक्षकाला पेंगवायचे, असा नियम कुठेही नाही.

जुना_वाचक :
‘झी’ उत्तम आहेच, परंतु त्यात गुन्हा उघड्या रस्त्यावर घडतो. येथे संशयित आणि तपास करणारा वर्षानुवर्षे एकाच कार्यालयात वावरलेले आहेत. तेथे कुणी आवाज चढवला तरी संशय येईल. आपण जेथे थांबलात तो प्रसंगच घ्या. स्मायली 1955 मधील दिल्लीच्या भेटीबद्दल सांगतो तेव्हा पूर्वदृश्य दाखवलेच जात नाही. तो समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलतो. मालिकेत कार्ला पॅट्रिक स्टुअर्टच्या रूपाने प्रत्यक्ष दिसतो. चित्रपटात कार्लाचा चेहरा नाही आणि स्मायलीच्या पत्नीचा, अ‍ॅनचाही नाही. ज्या दोघांना स्मायली नीट पाहू शकला नाही, त्यांना प्रेक्षकही पाहू शकत नाही. यापुढे पळापळ मला पोरकट वाटते.

मोकळा_वेळ :
या सगळ्यामागे किम फिल्बी आहे, ब्रिटिश गुप्तचर सेवेतला खराखुरा सोव्हिएत हेर, जो 1963 मध्ये बैरुतहून मॉस्कोला पळाला. ल कारे स्वतः ब्रिटिश गुप्तचर सेवेत होते. फिल्बीची कुलीन पार्श्वभूमी आणि मित्रपरिवारावरील त्याची मोहिनी लक्षात घेतली, तर चौघा संशयितांपैकी कोण ते लगेच…

तिसरी_रांग :
धागाकर्त्याने पहिल्याच परिच्छेदात काय विनंती केली आहे, ते कृपया वाचावे.

मोकळा_वेळ :
मी नाव घेतलेले नाही. शिवाय 1974 च्या कादंबरीत लपवण्यासारखे उरते तरी काय?

अर्धविराम :
आता चित्रपट पूर्ण पाहिला. चष्म्याची खूण उपयोगी पडली, त्याबद्दल आभार. परंतु मला तो संथ वाटेनासा झाला आहे. उलट 127 मिनिटांत त्याने फार घाई केली, असे माझे मत झाले आहे. स्मायलीच्या मौनाला, त्याच्या पोहण्याला, रिकाम्या खोल्यांना भरपूर वेळ मिळतो आणि ते मला आवडले. मात्र ज्या चौघांवर संशय आहे त्यांची ओळख धावत्या भेटीसारखी उरकली जाते. रॉय ब्लँडच्या वाट्याला तर इतके थोडे आले आहे की तो फितूर निघाला असता, तरी मला धक्का बसला नसता. संशयित पुरेसे ओळखीचे झाले नाहीत, तर विश्वासघाताची वेदना केवळ स्मायलीची आणि प्रिडोची राहते, प्रेक्षकाची होत नाही. रविवारी मी हेच मांडणार आहे. जुना_वाचक, मालिकेत ब्लँडला अधिक वाव मिळाला आहे का, एवढेच सांगावे, फिल्बीबद्दल नको.